आडमुठ्याचं बी

आडमुठ्या एडका सकाळी गेला. जन्मभर कोणाचं ऐकलं नाही, जातानाही औषध थुंकूनच गेला. त्या काळ्या, बुटक्या जातीचा तो शेवटचा नर. मागे उरली ती वीर्याची एक नळी. डॉक्टरीणबाईने काल संध्याकाळी ते काढून अंड्याच्या बलकाच्या द्रावणात मिसळलं होतं आणि फ्रिजमध्ये ठेवलं होतं. असं गार केलेलं वीर्य आजचा दिवस टिकलं तरी खूप.

"फेका ते," मेंढीपैदास केंद्राचे साहेब म्हणाले. "मेंढ्या माजावर आणल्यात त्या आपल्या मोठ्या एडक्यासाठी. ह्या टीचभर जातीला विचारतंय कोण?"

"मी विचारते," डॉक्टरीण म्हणाली.

"फ्रिज मोकळा करा. हुकूम आहे."

हुकूम तर हुकूम. तिने फ्रिज मोकळा करायला घेतला. आधी एक थेंब कोमट करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर नुसती झुंबड. म्हातारा मेला होता, पण त्याचा हट्ट जिवंत होता. तिला रडू आलं आणि रागही आला. नळी वाटेत गार राहावी म्हणून शिपाई बर्फ घेऊन आला, त्याला तिने दारातच अडवलं. बर्फाला नळी टेकली की आतलं सगळं संपलंच. फ्रिजमधलं गार पाणी तिने थर्मासमध्ये ओतलं, नळी त्यात सोडली आणि स्कूटरला किक मारली.

माजावर आणलेल्या मेंढ्या तिच्या सासूच्या. सासू-सुनेचं एरवी विळ्याभोपळ्याचं सख्य. मीठ कुठल्या डब्यात ठेवायचं यावरूनही आठवडाभर अबोला. पण साहेबांचा हुकूम ऐकून सासूने पदर खोचला.

"माझ्या मेंढ्या, माझं आवार. हुकूम त्याने त्याच्या घरी सोडावा," म्हणत तिने पहिल्या मेंढीचे मागचे पाय उचलून आडव्या बांबूवर टेकवले. "तू कर तुझं काम. एक थेंब सांडू नकोस, म्हणजे झालं."

सुनेने नळीतलं वीर्य पिचकारीत ओढून घेतलं. एकेक करून सगळ्या मेंढ्या झाल्या.

साहेबांची जीप आली तेव्हा दोघी हात धूत होत्या.

"नळी जमा करा," साहेब म्हणाले.

डॉक्टरिणीने खिशातून नळी काढून दिली. स्वच्छ विसळलेली, रिकामी. साहेबांनी ती उजेडात धरून पाहिली. मग मेंढ्यांकडे पाहिलं.

"आणि आमच्या मोठ्या एडक्याचं काय?"

"त्याला पुढच्या खेपेला आणा," सासू म्हणाली. "यंदा जागा नाही."