म्हशीमागचे एकतीस किलोमीटर

मित्रांनो, मी एक जुनी काळी सायकल आहे. मला गिअर नाहीत. चढ आला की माझा मालक सहदेव खाली उतरायचा आणि मला हाताने ढकलायचा. तोच माझा गिअर.

आता मी मोताळा तालुक्यात, नळगंगेच्या खोऱ्यातल्या एका गावात, गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असते. माझ्या समोरून दर रविवारी शहरातल्या चाळीस-पन्नास सायकली जातात. टायर जाड, हँडल एडक्याच्या शिंगांसारखं वळलेलं. त्यांना ग्रॅव्हल बाइक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी आणि मुरूम. आमच्याकडे त्याला रस्ता म्हणतात.

त्या ज्या वाटेने जातात ती कुणा मोठ्या जाणकाराने आखली आहे, अशी त्यांची समजूत आहे. तिच्या आखणीच्या वेळी मी स्वतः हजर होते, म्हणून खरं काय ते सांगते.

माझा जन्म नांदुऱ्याचा. माझे सुटे भाग रेल्वेने आले आणि स्टेशनजवळच्या दुकानात एका मिस्त्रीने मला एका दुपारात उभं केलं. सहदेव मला चालवत घरी घेऊन आला. त्याची बायको तानाबाई हिने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "पोरगी चांगली हाये. पन कॅरिअर बारीक हाये, मी बसन का त्याच्यावर?" ती बसली. पुढची वीस वर्षं बसली. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन, पुढे दांडीवर त्यांची मुलगी समता, मागे तानाबाई, आणि हँडलला बाजाराच्या पिशव्या. सागाच्या जंगलातल्या उतारावरून आम्ही असे सुसाट यायचो, की समोरून येणारी माणसं आधी बाजूला व्हायची आणि मग नमस्कार करायची. मान म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं.

मग गावात मोटरसायकली आल्या. सहदेवनेही शेजाऱ्याची एक चालवून पाहिली. ती सरळ तुरीच्या काडाच्या गंजीत शिरली. अंगावरचं काड झटकत तो माझ्याकडे आला आणि माझ्या सीटवर थाप मारून म्हणाला, "तूच बरी बापा."

पन्नाशी ओलांडल्यावर त्याला शुगर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. समता तोवर नांदुऱ्याला नर्स झाली होती. तिने बापाच्या मोबाइलमध्ये चाल मोजणारं ॲप टाकून दिलं. निघताना हिरवं बटण दाबायचं, परत आल्यावर लाल. हिरवं बटण सहदेवला पाठ झालं. लाल शेवटपर्यंत झालं नाही, आणि मोबाइल तर तो बहुतेक वेळा घरीच विसरायचा.

अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी त्याने हिरवं बटण दाबून मोबाइल खिशात टाकला, तेवढ्यात तानाबाई ओरडली, "आवो, चंद्री नाही दावणीले!"

चंद्री म्हणजे घरातली एकुलती एक म्हैस.

"असंन इकडंच. कुठी जाते?" असं म्हणत सहदेवने मला बाहेर काढलं.

आधी आम्ही टेकडीवरच्या मोहाच्या झाडापाशी गेलो. तिथून चारी बाजूंची खोरी दिसतात. त्याने झाडाभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि दर वळणाला हाक दिली. मग चंद्रीच्या आवडत्या डबक्याकडे नाल्यात उतरलो. वाट तिथे संपते, म्हणून आल्या वाटेने परत. धावड्याच्या रानातून, नदीच्या फरशी-पुलावरून, पुन्हा घराच्या अंगणात. सहदेवने पाणी प्यायलं. "आली का?" "नाही." पुन्हा बाहेर. शेवटी मोताळ्याचा कोंडवाडा. तिथेही ती नव्हती.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा आम्ही घरी पोचलो. चंद्री अंगणात उभी राहून कुटार खात होती.

"तुमी पानी पिऊन गेले, अन् मांगून ते आली," तानाबाई म्हणाली.

सहदेवने म्हशीकडे पाहिलं, म्हशीने सहदेवकडे पाहिलं.  लाल बटण राहिलंच. ॲपने दिवसाअखेरी स्वतःच हिशोब आटोपला आणि आमचे एकतीस किलोमीटर जगासमोर मांडून टाकले. वर नाव दिलं : सकाळचा फेरफटका, सहदेव.

सहा महिन्यांनी सहदेव गेला. आजार लांबला नाही. त्यानंतर माझ्या टायरमधली हवा गेली ती कुणी भरली नाही. सीटवर कोंबड्या बसू लागल्या. चंद्रीला मान खाजवायला माझं हँडल सोयीचं पडतं. काम कोणतंही हलकं नसतं, असं मी स्वतःला सांगत आले.

आणि मग त्या शिंगवाल्या सायकली आल्या. त्यांना ॲपवर ती रेघ सापडली होती. रेघ जिथे वळते तिथे त्या वळायच्या. मोहाच्या झाडाभोवती तीन फेऱ्या मारायच्या. "चढानंतर पाय मोकळे व्हावेत म्हणून ठेवल्यात," असं एक जण दुसऱ्याला समजावून सांगताना मी ऐकलं आहे. नाल्याशी वाट संपली की तिथे फोटो काढायच्या. आणि रेघ आमच्या अंगणात शिरते, म्हणून अंगणात यायच्या. तानाबाई सगळ्यांना पाणी द्यायची. दारात आलेल्या माणसाला 'का आलास' असं विचारायची तिच्या घरात रीत नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्यातली मंजुश्री एकटीच आली. बुलडाण्याला बँकेत नोकरी करते, या सगळ्यांची म्होरकी आहे.

"मावशी, पुढच्या रविवारी बाहेरगावचे शंभर लोक येणार आहेत. म्हणून आम्ही रस्ता छाटतोय. झाडाच्या फेऱ्या, तो नाला, हे अंगण, सगळं काढून टाकू. एकतीसचे तेवीस होतील. तुमचाही त्रास वाचेल."

"तरास कायचा? पानीच तं देतो मी."

मंजुश्रीने मोबाइल पुढे केला. "हे बघा, हा मूळ रस्ता. कुणी सहदेव म्हणून रायडर आहेत. आम्ही त्यांना किती शोधलं! एकच राइड टाकली आणि गायब झाले."

तानाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिने तारीख विचारली. मंजुश्रीने वाचून दाखवली.

"रायडर नाही व माय," तानाबाई म्हणाली. "आमच्या समताचा बाप होता तो. म्हैस पाह्यत होता."

मंजुश्री खाली ओट्यावर बसली. तानाबाई तिच्या शेजारी बसली आणि रेघेवर बोट ठेवून सांगू लागली : हे डबकं, तिथं चंद्री लोळते. इथं तो पानी प्याले आला. मग म्हणाली, "हे कापू नोको. त्याचं चाललेलं एवढंच राह्यलं."

"मावशी, पण लोक विचारतील, हे आठ किलोमीटर कशाला?"

"सांग त्याइले, म्हैस हारपली होती म्हनून."

मंजुश्री रेघ पुढे सरकवत राहिली. "इथे मोताळ्यात ते बावीस मिनिटं थांबलेत."

"कोंडवाडा हाये तिथं. तिथल्या मुन्शीनं बसवून ठेवलं होतं त्याले, घरी येऊन तोच सांगे."

"कोंडवाड्यात एकच मिनिट दिसतंय. हे पलीकडचं आहे." मंजुश्रीने नकाशा मोठा केला. "जिलबीचं हॉटेल."

मित्रांनो, मी तेव्हा हॉटेलच्या भिंतीला टेकून उभी होते. पावशेर जिलबी झाली, मग वर अर्धपाव झाली. पाक लागलेली बोटं त्याने माझ्या सीटला पुसली, कारण रुमाल घरी धुतला जातो. मी कुणाजवळ बोलले नाही.

तानाबाई उठली आणि भिंतीवरच्या सहदेवच्या फोटोसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"शुगर होती न तुमाले? मी इथं म्हशीपायी उपाशी बसलो, अन् तुमी तिथं जिलबी खाऊन राह्यले! वरतून मुन्शीचं नाव सांगता?"

पुष्कळ बोलली ती. नंतर हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. दोन वर्षांनी त्या घरात भांडण झालं होतं. घर कसं भरल्यासारखं वाटलं.

मंजुश्रीने हळूच विचारलं, "मावशी, एवढा हॉटेलचा थांबा काढून टाकू का?"

"काऊन? राहू दे. कळू दे साऱ्याइले."

रविवारी एकशे बारा सायकली आल्या आणि पूर्ण एकतीस किलोमीटर फिरल्या. म्हणून सांगते, मित्रांनो, जुनी वाट वाकडी दिसली तर लगेच सरळ करायला धावू नका. आधी जवळपासच्या माणसाला विचारा, इथून कोण गेलं होतं आणि कशासाठी वळलं होतं. आणि तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिच्या चेनला थेंबभर तेल द्या. तिला बरंच काही माहीत असतं.

त्या रविवारी तानाबाई तांब्या घेऊन अंगणात उभी होती. पाणी पिऊन मोताळ्याकडे निघालेल्या प्रत्येकाला ती बजावत होती, "जिलबी खाजा बापा. पन घरी खरं सांगजा."