बाळाआधी पाळण्यात

मित्रांनो, झबलं-टोपडं घातलेला दगड तुम्ही कधी पाहिला आहे का? नसेल, तर आज माझी ओळख करून घ्या. मी एक जुना वरवंटा आहे. रंगाने काळा, अंगाने गुळगुळीत, दोन्ही टोकांना थोडा निमुळता. पाटा नावाच्या सपाट शिळेवर मिरची, खोबरं, आलं-लसूण ठेवून ज्या लांबट दगडाने वाटतात, तो मी. पण माझा खरा मान वाटणाचा नाही, पाळण्याचा आहे. तो मला कसा मिळाला, तेच तुम्हाला सांगणार आहे.

कामणच्या बाजूला डोंगराचा काळा दगड फोडून एका पाथरवटाने मला घडवलं. आधी पाटा झाला. उरलेल्या तुकड्यातून मी झालो, म्हणून पाटा माझा थोरला भाऊ. भुईगावचे गंगाराम नावाचे बागायतदार आम्हाला विकत घ्यायला आले, तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. त्यांनी पाटा सायकलवर बांधला आणि त्यांच्या पत्नी चंद्रकांताबाई मला कडेवर घेऊन मागून चालू लागल्या. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या. हिचं पहिलं मूल फारच वजनदार निघालं, असं त्यांच्यातली एमिली म्हणाली आणि सगळ्या हसल्या. एमिली म्हणजे शेजारची ख्रिस्ती सून. पुढे ती चंद्रकांताबाईंची जन्माची मैत्रीण झाली.

त्या घरात मी रोज राबलो. ओल्या नारळाचं वाटण, सुक्या बोंबलाची चटणी, सणाला पुरणाची डाळ. माझ्या अंगावरून बाईंचे हात पुढेमागे फिरत आणि त्यांच्या बांगड्या वाजत. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणारी बाई गल्लीत हाळी देत येई आणि ठोकून ठोकून त्याला पुन्हा खरखरीत करून जाई. तेव्हा चटणी एकदम चविष्ट होई आणि श्रेय मात्र बाईंच्या हाताला मिळे. मी कधी तक्रार केली नाही.

मित्रांनो, माणसांच्या चालीरीती मोठ्या गमतीच्या असतात. एरवी आम्ही दगड. पण घरात मूल जन्मलं की पाचव्या दिवशी आमची पूजा होते. सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, असं म्हणतात, म्हणून आमच्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवतात. मी इतकी वर्षं तिथे बसलो, कागद सकाळी कोराच असायचा. बाराव्या दिवशी बारसं. त्या दिवशी मला तेल लावून न्हाऊ घालतात, झबलं चढवतात, टोपडं बांधतात. पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहतात आणि ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत मला खालून-वरून एकमेकींच्या हाती देतात. मग मला पाळण्यात ठेवतात. बाळाआधी मी.

दगडासारखं दणकट हो, असा त्यात आशीर्वाद आहे, असं लोक सांगतात. चंद्रकांताबाईंचं म्हणणं निराळं होतं. त्यांच्या घरची रीत अशी, की मला एकट्याला पाळण्यात घालून शंभर झोके द्यायचे. मग मला बाहेर काढायचं आणि नंतर बाळाला ठेवायचं. पाळणा तुटायचा असेल तर त्याने दगडावर तुटावं, एवढाच त्यांचा हिशेब. एमिलीचा नातू फेबियन जन्मला, तेव्हा तीही मला न्यायला आली. नाव चर्चमध्ये ठेवू, पण पाळणा तुझ्या दगडाने तपासू, असं ती म्हणाली. तिच्या घरी मला टोपडं नव्हतं, झोके मात्र पुरे शंभर मिळाले.

सगळ्याच जुन्या रीती बाईंनी धरून ठेवल्या असंही नाही. पूर्वी जन्मलेल्या बाळाला मध चाटवत आणि डोळ्यांत काजळ घालत. डॉक्टरीणबाईंनी तसं करू नका म्हणून समजावलं, तेव्हा बाईंनी दोन्ही गोष्टी त्याच दिवशी बंद केल्या. रीत कशासाठी आहे ते विचारायचं, उत्तर नाही मिळालं तर सोडून द्यायची, असं त्या म्हणत. मला त्यांच्याबद्दल यासाठीच फार आदर वाटतो.

साल त्र्याण्णवला घरात मिक्सर आला. तो मोठ्याने ओरडे आणि दोन मिनिटांत काम संपवी. पाटा गोठ्याच्या भिंतीला टेकला. समुद्राकडून वारा आला की मागचं दार आपटे, म्हणून मला त्या दाराशी टेकण म्हणून ठेवलं. पावसाळ्यात अंगावर शेवाळ धरे. कोंबड्या येऊन बसत. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण गल्लीत कुठे बारसं असलं की कुणीतरी मला न्यायला येई आणि माझं अंग पुन्हा तेलाने चमके. तोवर अडतीस पाळणे माझ्या वजनाने जोखले गेले होते.

एकोणचाळिसाव्या पाळण्याची गोष्ट आता ऐका.

बाईंचा मुलगा चंद्रहास नोकरी करत होता आणि माणिकपूरला फ्लॅट घेऊन राहत होता. त्याची बायको विनया, साताऱ्याकडची. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. नव्व्याण्णव साली दुसरी खेप आली, ती मुलगी आठव्या महिन्यातच जन्मली. तीन आठवडे तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. विनयाने तीन आठवडे काचेतून तिला पाहिलं. मुलगी घरी आली आणि त्या दिवसापासून विनयाने तिला हातांतून खाली ठेवलंच नाही.

मित्रांनो, हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. ती बसून झोपे, तेही डुलकीएवढंच. बाळाला गादीवर ठेवायचं म्हटलं की ती त्याला आणखी घट्ट धरी. सासूकडेही देईना, नवऱ्याकडेही देईना. तिची पाठ धरली, डोळे खोल गेले, दूध कमी होऊ लागलं. झोप मिळाली नाही तर आई आजारी पडेल आणि मग बाळाचंही खरं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं. बाळ सव्वादोन किलोचं झालं, तेव्हा बाईंनी ठरवलं की राहिलेलं बारसं आता करायचं. एकदा पाळण्यात ठेवायची सवय लागली की ही पोर झोपेल, अशी त्यांना आशा होती.

मला शेवाळ घासून स्वच्छ केलं, जुन्या पातळात गुंडाळलं आणि बाईंच्या मांडीवर बसवून रिक्षाने माणिकपूरला नेलं. सोबत गंगारामभाऊ आणि एमिली होती. तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो, तर विनयाने मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

“आई, हा दगड माझ्या बाळाजवळ नको,” ती म्हणाली. “हवं तर लाटण्याला टोपडं घालू.”

मला तो अपमान वाटला. पण बाई रागावल्या नाहीत. हा बाळाजवळ जाणारच नाही, आधी एकटाच झुलेल, मग बाहेर येईल, असं त्यांनी समजावलं. विनया हिशेबी डोक्याची मुलगी. याचं वजन किती ते तरी कळू दे, असं ती म्हणाली. तेव्हा चंद्रहासची बहीण उन्नती मला घेऊन खालच्या वाण्याकडे गेली. हे विकायला आणलंय का, म्हणून वाण्याने विचारलं. आमच्या भाचीची चाचणी घेणारे मास्तर आहेत हे, असं तिने सांगितलं. काट्यावर साडेचार किलो भरलो. बाळाच्या नेमका दुप्पट. विनयाने तो आकडा उन्नतीकडून पुन्हा विचारून घेतला. हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

पाळणा चंद्रहासने स्वतः बांधला होता. छताला बिल्डरने कडी ठेवलेली होती, तिला नवी नायलॉनची दोरी. त्याला फार अभिमान होता. त्या दोरीचं एक टोक मोकळं लोंबत होतं, म्हणून उन्नतीने शोभेसाठी त्याला सोनचाफ्याची माळ बांधली. बघणाऱ्या बायकांनी कौतुक केलं.

मला टोपडं चढलं. गोविंद-गोपाळ झालं. मला पाळण्यात ठेवलं आणि बाईंनी झोके द्यायला सुरुवात केली. एमिली मोजत होती. विनया बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती आणि तिची नजर माझ्यावर होती. चाळीस झाले. पन्नास झाले. आता पुरे की, पाहुणे खोळंबलेत, असं चंद्रहास म्हणाला. शंभर म्हणजे शंभर, असं म्हणून बाईंनी हात थांबवला नाही.

एकसष्टाव्या झोक्याला मला वर काहीतरी सरकल्याचं जाणवलं. बासष्टाव्याला पाळणा एका अंगाला कोसळला. मी उलटून थेट फरशीवर आदळलो. फरशीला तडा गेला आणि माझ्या टोकाचा टवका उडून कपाटाखाली गेला.

रिकामं टोपडं माझ्याशेजारी पडलं होतं.

गंगारामभाऊ तसे अबोल. ते उठले, त्यांनी दोरी हातात घेतली आणि तिच्यावरचे गाठीचे वळ बोटाने तपासले.

“ही शहाळ्यांची पेंड उतरवायची गाठ आहे,” ते म्हणाले. “मीच शिकवली त्याला.”

वाडीत माडावरून शहाळी दोरीने खाली सोडतात. पेंड, म्हणजे त्यांचा घोस, जमिनीवर आली की खालच्या माणसाने मोकळं टोक ओढायचं, की गाठ आपोआप सुटते. चंद्रहासने लहानपणी हजार वेळा तीच गाठ मारली होती. नोकरीत दहा वर्षं गेली, पण हातांना तीच ठाऊक. त्यात मोकळ्या टोकाला फुलांची माळ. प्रत्येक झोक्याला माळ थोडी थोडी ते टोक ओढत होती.

“चंद्रहास, बाळ आहे रे ते,” एमिली हळूच म्हणाली. “शहाळं नव्हे.”

कुणाला हसू आलं नाही. चंद्रहास खाली मान घालून उभा होता. पाळणा नकोच, काढून टाकतो, असं तो पुटपुटला. उन्नती तर रडायलाच लागली. मलाही वाटलं, झालं, आता ही पोर बाळाला कधीच खाली ठेवणार नाही. ज्यासाठी मला आणलं तेच माझ्या पडण्याने बिघडलं.

तेव्हा विनया पुढे आली. तिने बाळ सासूच्या हातांत दिलं. घरी आल्यापासून पहिल्यांदा ते तिच्या हातांतून दुसऱ्याच्या हातांत गेलं. मग ती वाकली आणि तिने मला दोन्ही हातांनी उचललं.

“बाबा, न सुटणारी गाठ कोणती, ती बांधा,” ती सासऱ्यांना म्हणाली. “मला दाखवत दाखवत बांधा.”

गंगारामभाऊंनी आधी माळ सोडून बाजूला ठेवली. बैल खुंटाला बांधायची गाठ असते, ती त्यांनी बांधली. एकदा बांधून सोडली, पुन्हा बांधली. तिसऱ्या वेळी विनयाने स्वतः बांधली आणि दोरीला लोंबकळून पाहिलं. कालपर्यंत तिला सगळ्याचीच भीती होती. गादीची, वाऱ्याची, स्वतःच्या हातांची. आता काय चुकलं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं आणि ते आपल्या हाताने नीट केलं होतं.

तिने मला पाळण्यात ठेवलं. शंभर झोके दिले. मग आणखी शंभर दिले. दोनशेव्या झोक्याला तिने मला बाहेर काढून जमिनीवर ठेवलं, चादर सारखी केली, सासूकडून बाळ घेतलं आणि पाळण्यात ठेवलं. हात काढून घ्यायला तिला वेळ लागला. पण काढले.

बाळाने आळस दिला आणि ते झोपलं. विनया पाळण्याशेजारी भिंतीला टेकून बसली, झोके द्यायची दोरी धरून. पाच-सहा झोके दिले असतील. मग तिचा हात सैल पडला आणि मान कलली. नाव अजून ठेवायचं होतं. आत्या म्हणून कानात कुर्र करायला उन्नती तयार होती आणि तिच्या पाठीत बुक्के घालायला बायकाही तयार होत्या. कुणीतरी विनयाला हाक मारायला गेलं, तर चंद्रकांताबाई आडव्या आल्या.

“नाव कुठे पळून जात नाही,” त्या म्हणाल्या. “निजू दे तिला.”

घुगऱ्या थंड झाल्या. चहा दोनदा झाला. बायका कुजबुजत बसल्या. मी विनयाच्या पायाशी होतो आणि दिवे लागेपर्यंत ती हलली नाही. ती जागी झाली तेव्हा बाळाचं नाव ‘पूर्वी’ असं ठेवलं गेलं. एवढं उशिरा झालेलं आणि एवढं शांत बारसं मी दुसरं पाहिलं नाही.

मी पुन्हा भुईगावला गेलो नाही. विनयाने मला ठेवून घेतलं. बिल्डिंगमध्ये मूल जन्मलं की लोक तिच्या दारात येतात, कुणी कोकणातले, कुणी देशावरचे, कुणी आणखी कुठले. ती मला देते, पण सोबत स्वतः जाते. आधी दोरी पाहते, मग झोके मोजते. दोन पाळण्यांच्या कच्च्या कड्या माझ्यामुळे वेळीच उघडकीला आल्या. टवका उडालेलं माझं टोक मला आवडतं. सैन्यातल्या माणसाच्या छातीवर पदक असावं, तसं मी ते मिरवतो.

आता माझं एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरी पाटा-वरवंटा नसेल, त्याचं मला वाईट वाटत नाही. मिक्सरशी माझं भांडण केव्हाच मिटलं आहे. पण घरातल्या मोठ्यांनी एखादी रीत सांगितली, तर ती कशासाठी, हे त्यांना शेजारी बसवून विचारा. उत्तर खरं असेल तर ती जपा. आणि तुमच्या घरी कधी पाळणा टांगला, तर आधी तांदळाची पिशवी ठेवा, विटा ठेवा, काहीही ठेवा, पण बाळाच्या दुप्पट वजनाचं ठेवा. शंभर झोके मोजा, घाई करू नका. मग बाळाला निजवा. आणि ते निजलं, की त्याच्या आईच्या हातातली दोरी हळूच आपल्या हातात घ्या.