'जाते' म्हणू नये

गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकून ती उठली, पाठ न फिरवता दोन पावलं मागे सरली आणि पुटपुटली, "जाते रे देवा."

सासूबाईंनी मागून तिचं कोपर असं धरलं, की नखं रुतली.

"जाते नाही. येते."

"आई, हळू. लोक बघताहेत."

"बघू देत. देवासमोर अभद्र बोलायचं आणि वर मलाच हळू बोल म्हणायचं. येते म्हण."

मागे रांग खोळंबली होती. पुजारी तीर्थाची पळी हातात धरून दोघींकडे आळीपाळीने बघत होता. तिने दातओठ खात "येते" म्हटलं आणि त्या अंधाऱ्या, तेलकट वासाच्या गाभाऱ्यातून बाहेर उन्हात आली. शेकडो वर्षांचं देऊळ, एवढं लांबून बघायला आलेल्या, आणि आत जाऊन काय केलं, तर शुद्धलेखन!

सासूबाईंनी उभा जन्म तिसरीच्या वर्गाला शिकवलं होतं. शाळा सुटून बरीच वर्षं झाली, पण वर्ग काही सुटला नव्हता. दुधाच्या पिशवीवरच्या चुकाही त्या वाचून दाखवत. आणि घरात सून आल्यापासून त्यांना एक कायमची नापास विद्यार्थिनी मिळाली होती. घराबाहेर पडताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात शिरत नव्हती. तिच्या माहेरी सगळे नुसतं "चला" म्हणून चपला घालायचे. तिथे कोणाचं काही अडलं नव्हतं.

चपलांच्या खिडकीवर ठेवलेली बॅग तिने खांद्याला अडकवली तेव्हा तिचा खांदा चांगलाच खाली गेला.

"आठ दिवसांना एवढं काय भरलंय, आई?"

"दगड. तुझ्या डोक्यात घालायला."

सासूबाई आठ दिवस लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. लेकीचं गाव देवळापासून जवळ. दुपारी जावई गाडी घेऊन येणार, सासूबाईंना घेऊन जाणार आणि ती एकटीच बसने परत फिरणार, असं ठरलं होतं. जावई यायच्या आत तिला एक गोष्ट सांगायची होती. येताना बसमध्ये तिने दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा सासूबाईंनी टक्क उघडे असलेले डोळे मिटून घेतले.

सांगायचं होतं ते एवढंच, की ती लग्न करत होती. नवऱ्याच्या माघारी ती त्या घरात राहिली, सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सहन केला, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करून घर चालवलं. आता लॅबशेजारच्या दवाखान्यातला दातांचा डॉक्टर दुसऱ्या शहरात स्वतःचा दवाखाना टाकत होता आणि तिला बरोबर चल म्हणत होता. तिने हो म्हटलं होतं. फक्त घरी सांगायचं राहिलं होतं, आणि घर म्हणजे ही बाई!

बाहेरच्या भिंतीवर कोरलेल्या हत्तींच्या रांगेपाशी एक गाइड चिकटला. "बघा मॅडम, ही पुरातण वास्तू..."

"पुरातन," सासूबाई म्हणाल्या. "न नळाचा. बाणाचा ण नाही."

गाइडने ओढूनताणून हसू आणलं. "बरं, न नळाचा. हे हत्ती बघा, एकाचीही सोंड शाबूत नाही. शत्रूणे..."

"शत्रूने."

"मॅडम, लोक इथे देव बघायला येतात, नळ आणि बाण बघायला नाही!" गाइडच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि तो दुसऱ्या कुटुंबाकडे वळला.

तिला हसू फुटलं. सासूबाईंनी ते बघितलं. झालं! पुढची दोन वळणं त्या तिच्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. तिला तेवढीच शांतता मिळाली. पोटऱ्यांपर्यंत झिजलेल्या नर्तकी, अर्धवट उरलेले हात, कबुतरांनी बरबटलेले देव बघत ती चालत राहिली आणि मनात वाक्य जुळवत राहिली. एकही धड जुळलं नाही.

देवळामागच्या तलावावर पायडलच्या बोटी होत्या, हंसाच्या आकाराच्या, माना रंग उडालेल्या.

"आता बोट," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही? बोटीत?"

"माझ्या मुलाने सांगितलं होतं. आधी देऊळ, मग बोट, मग तळ्याच्या पायऱ्यांवर बसून डबा. तो असता तर त्याने नेलं असतं. तू ने."

बॅग काठावरच्या माणसाकडे देऊन दोघी हंसाच्या पोटात बसल्या, मांडीला मांडी लावून. घरात इतक्या जवळ त्या कधीच बसल्या नव्हत्या. बोट काठापासून सुटली आणि पाण्याच्या मधोमध जाऊन स्वतःभोवती गरगर फिरायला लागली.

"आई, उलटं नका मारू पायडल."

"मी सुलटंच मारतेय. उलटी तू आहेस."

हंसाने आणखी एक गिरकी घेतली. शेजारच्या बोटीतलं जोडपं खिदळलं. इथून सासूबाईंना उठून जाता येणार नव्हतं, झोपेचं सोंगही घेता येणार नव्हतं. आत्ताच, तिने स्वतःला बजावलं.

"आई, मला तुमच्याशी बोलायचंय."

"मला तुझ्याशी बोलायचं नाही."

"किती दिवस असं..."

"बोलायचं तेव्हा बोलली नाहीस ना तू! आता कशाला तोंड उघडतेस?"

पुढे काय येणार हे तिला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं ते घरात असंच येत होतं, ताट वाढताना, दिवा मालवताना.

"मी आंघोळीला गेले होते," सासूबाई समोर बघत म्हणाल्या. "नाहीतर दारातच टोकलं असतं. लहानपणापासून टोकत आले त्याला. तो 'जातो गं' म्हणाला. आणि तू काय म्हणालीस?"

तिने पायडल मारायचं थांबवलं.

"तूच सांगितलंस मला. तुझ्याच तोंडाने. तू म्हणालीस, 'जा'."

"हो! म्हणाले! घाई होती त्याला. हसून म्हणाले, जा!" तिचा आवाज पाण्यावरून पार पलीकडे गेला. "त्या ट्रकला व्याकरण कळत नव्हतं, आई!"

शेजारच्या जोडप्याने फोटो काढायचं थांबवलं. सासूबाईंचा चेहरा दगडाचा झाला. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. या बाईने एका शब्दाचा फास करून तिच्या गळ्यात घातला होता, आणि तीही इतकी वर्षं तो घालून हिंडत होती, मूर्खासारखी! तिने रागारागाने पाय मारायला सुरुवात केली. सासूबाईंनीही मारले, तिच्याहून जोरात. हंस पहिल्यांदाच सरळ निघाला आणि थेट काठाला जाऊन आदळला.

देवळाच्या तळ्याच्या पायऱ्या तापल्या होत्या, त्यातल्या त्यात सावली बघून त्या बसल्या. डबा उघडला. सासूबाईंनी पहिला घास घेतला, चावला आणि कळवळून गालावर हात धरला.

"टोचतंय?"

"कवळी आहे का खिळा? एवढी लॅबमध्ये काम करतेस, सासूच्याच तोंडात बरी मेली खोट राहते."

"काढा. दाखवा इकडे."

सासूबाईंनी पदराआड तोंड लपवून कवळी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. तिने बाटलीतल्या पाण्याने ती खळबळून धुतली आणि डोळे मिटून आतल्या बाजूने अंगठा फिरवला. डाव्या कडेला, हिरडीवर बसते तिथे, एक बारीकसा उंचवटा लागला. पर्समध्ये पॉलिश पेपरचा तुकडा होता, तो कायम असायचा. त्याची घडी करून ती हलक्या हाताने घासायला लागली. जरा घासायचं, अंगठा फिरवायचा, पुन्हा जरा घासायचं. या कामात तिचे हात आपोआप शांत व्हायचे.

शेजारी सासूबाई ओठ आत गेलेल्या, बोळक्या तोंडाने तळ्याकडे बघत बसल्या होत्या. आणि मग तिच्या लक्षात आलं, की सासूबाईंचे दात आपल्या हातात आहेत. चारचौघांत त्या बोळक्या तोंडाने बोलणार नाहीत, मेल्या तरी नाहीत. अशी संधी जन्मात पुन्हा यायची नाही.

"आई," कवळीवरची नजर न काढता ती म्हणाली. "मी लग्न करतेय. दवाखान्यातल्या डॉक्टरांशी. पुढच्या महिन्यात. ते दुसऱ्या शहरात जाताहेत, मलाही जावं लागेल. तुम्हाला टाकून जातेय असं नाही. तुम्ही म्हणाल तशी सोय करू. पण मला आता हे पुरे झालंय. खरंच पुरे झालंय."

पेपरचा खरखर आवाज तेवढा राहिला. सासूबाईंनी तोंड वळवलं नाही. थोड्या वेळाने फक्त हात पुढे केला, तळवा वर. तिने कवळी पुन्हा धुतली आणि त्या तळव्यावर ठेवली.

सासूबाईंनी कवळी बसवली. खटकन आवाज झाला. त्यांनी एक घास मोडला, सावकाश चावला आणि गिळला. मग दुसरा. सगळा डबा त्यांनी तसाच संपवला. ती जीव मुठीत धरून बघत होती. आता आकांडतांडव होईल, आता शाप निघेल!

"नाही टोचत आता," सासूबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चल. गाडी आली असेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं काळीज काढून समोर ठेवलं, त्याची किंमत एवढीच? शिव्या चालल्या असत्या. ती बॅग उचलून त्यांच्या मागे ताडताड चालायला लागली. देवळाच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींची दुकानं, पिसांचे पंखे, डोकं घालून फोटो काढायच्या राजा-राणीच्या फळ्या, सगळं डोळ्यांपुढून नुसतं सरकलं.

वाहनतळावर जावई डिकी उघडून उभे होते. "या आई. वहिनी, कसं काय? द्या ती बॅग."

त्यांनी बॅग घेतली आणि "अबब" म्हणत डिकीत आपटली. जुनी चेन होती, ती मधेच फाटली. आतून लोकरीची शाल बाहेर आली, ऐन उन्हाळ्यात. शालीच्या घडीतून फ्रेमचा एक कोपरा दिसला. टवका उडालेला. भिंतीवरून उतरवताना एकदा तिच्याच हातून तो उडाला होता आणि त्यावरून महिनाभर घर डोक्यावर घेतलं गेलं होतं. सासूबाईंच्या खोलीतला फोटो. त्या कोणालाच त्याला हात लावू देत नसत.

"आई, हे..."

"माझ्या मुलाचा फोटो आहे. तुझ्या डॉक्टरच्या भिंतीवर लावायचा होता का?"

"पण मी तर आत्ता सांगितलं. तुम्ही सकाळीच..."

"डोळे आहेत मला." सासूबाई गाडीत बसल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, "कवळीचं माप घ्यायला नेलंस ना मला त्याच्याकडे? माझ्या तोंडात तो गुलाबी चिखल भरून ठेवला आणि माझ्या डोक्यावरून तुझ्याकडे बघून हसला. तूही हसलीस. घरात कधी बघितलं नाही मी तुला तसं हसताना. तोंड मोकळं असतं तर तिथेच बोलले असते."

"मग इतके दिवस का नाही बोललात?"

"तू कधी सांगतेस ते बघत होते. सांगितलंस तेही माझे दात काढून घेऊन! भित्री कुठली."

जावई पलीकडे जाऊन उगाच टायर बघायला लागले.

"आणि हे बघ," सासूबाई म्हणाल्या, "माझा राग गेलेला नाही. जायचाही नाही. उगाच मला फोन करून आई-आई करू नकोस."

"बरं."

"घराची किल्ली पोळपाटाखाली ठेवलीय माझी."

"बरं, आई."

जावयांनी गाडी सुरू केली. ती वाकली, उघड्या काचेतून सासूबाईंच्या पायांपर्यंत हात पोचेना, म्हणून गुडघ्यालाच हात लावून तिने नमस्कार केला. एवढ्या वर्षांत घोटून घोटून बसवलेला शब्द या खेपेला न चुकता आला.

"येते, आई."

"चूक," सासूबाई म्हणाल्या.

"अं?"

"येते काय? कुठे यायचंय तुला? त्या घरात मी नसेन, तोही नाही. कोणासाठी येणार आहेस?" त्यांचा आवाज वर्गात असायचा तसा खणखणीत होता, फक्त हात पदराचं टोक पिळत होता. "जाते म्हण."

"आई, असं नका ना..."

"निघायचं का?" जावयांनी विचारलं.

"थांबा हो तुम्ही. तिचं चुकलंय. म्हण, जाते."

तिने तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मागे गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. सासूबाई तिच्याकडे रोखून बघत राहिल्या, उत्तर येईपर्यंत वर्ग सोडायचा नाही अशा.

"जाते," ती म्हणाली.

"बरोबर," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी काच वर केली.