पलीकडच्या भाषेची तोंडी परीक्षा

मातृभाषा दिनाला सरकारी मान्यता मिळाल्याचं आमच्या रुग्णालयाला परिपत्रकावरून कळलं, आणि परिपत्रक आलं तेव्हा त्या दिवसाला अठरा दिवस उरले होते. तोवर आम्ही सगळे आपापल्या मातृभाषेत सुखानं भांडत होतो. त्याला कुणाची मान्यता लागते हे ठाऊकच नव्हतं.

मी आस्थापना शाखेतली कारकून. एकतीस वर्षं झाली. परिपत्रकं मी सहसा पहिल्या आणि शेवटच्या ओळीपुरतीच वाचते, कारण मधला मजकूर लिहिणाऱ्यानंही वाचलेला नसतो. पण या परिपत्रकाच्या शेवटी चक्क एक पद होतं. ज्या भाषेचे रुग्ण येतात, पण जी सरकारच्या कुठल्याच यादीत नाही, अशा एका भाषेसाठी प्रत्येक रुग्णालयाला एक दुभाषी मिळणार होता. पद कायम, परीक्षा तोंडी, शिक्षणाची अट नाही. मातृभाषा दिनापर्यंत पद भरलं नाही तर ते रद्द.

शिक्षणाची अट नाही हे दोनदा वाचलं आणि मी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर मावशींकडे गेले. गुडघ्यांमुळे मी एरवी कुणासाठी तिसरा मजला चढत नाही.

मावशी चौदा वर्षं आमच्याकडे फरशी पुसत होत्या, कंत्राटावर. त्या डोंगरापलीकडच्या. तिकडच्या लोकांची एक वेगळीच भाषा आहे. तिचं नाव मावशींनी आम्हाला पुष्कळदा सांगितलं, पण आमच्यापैकी कुणाची जीभ तेवढी वळेना, म्हणून आम्ही तिला 'पलीकडची' म्हणून मोकळे झालो. पलीकडचा रुग्ण आला की डॉक्टर जिन्यातून ओरडायचे, "मावशींना बोलवा." मावशी फडका बादलीत टाकायच्या, हात धुवायच्या, जायच्या, विचारायच्या, सांगायच्या. मग परत येऊन पाहतात तर ओल्या फरशीवरून कुणीतरी बूट घालून गेलेलं असायचं, आणि त्याचे बोल मेट्रनबाई मावशींनाच लावायच्या.

आता तेही संपायला आलं होतं. पुढच्या महिन्यापासून फरशी पुसायला एक कंपनी यंत्रं आणणार होती आणि मावशींचं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं. घरी नवरा दोन वर्षं कंबरेच्या दुखण्यानं पडून. वय पंचावन्न. नवं काम कोण देणार?

"मावशी," मी म्हटलं, "तुमच्यासाठी पद निघालंय."

"पुसायचं काय?"

"काही पुसायचं नाही. बोलायचं."

जणू मी थट्टा करतेय, असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "खुर्ची असते?"

"असते."

त्यांनी फडका दोनदा पिळला, कोरडा असताना.

आता माझा पराक्रम सांगते. परीक्षा घ्यायची तर परीक्षक हवा. त्यासाठी छापील नमुना होता आणि त्यात रकाना होता 'सदर भाषेचा जाणकार'. आमच्या प्रत्येक टेबलावर काचेखाली दूरध्वनीची यादी असते. वीज: तळघर. रक्त: पहिला मजला. पलीकडची भाषा: तिसरा मजला, फरशी. चौदा वर्षं त्या भाषेचं काहीही आलं की माझा हात आपोआप त्या ओळीवर जायचा. त्या दिवशीही गेला. मी परीक्षक म्हणून मावशींचं नाव लिहिलं, कागद सहीच्या गठ्ठ्यात सारला आणि चहाला गेले. अधीक्षक साहेब गठ्ठ्यातले कागद वाचत नाहीत, मोजतात. सही झाली, जावक क्रमांक पडला, प्रत मुख्यालयाला गेली.

दुसऱ्या दिवशी मावशींचा अर्ज भरायला घेतला आणि नियम क्रमांक चार वाचला. परीक्षकास त्याच परीक्षेस बसता येणार नाही.

मी कपाळाला हात लावला. आदेश रद्द करायचा तर मुख्यालयाची मंजुरी लागते, आणि मुख्यालय पंख्याची पातीसुद्धा तीन महिन्यांनी मंजूर करतं. मग पुन्हा तिसरा मजला चढून मावशींना सांगायला गेले.

"म्हणजे मीच माझ्या आड आले?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही नाही. मी."

"बाई, तुम्ही रडू नका. फरशी आत्ताच पुसलीय."

मी रडत नव्हते. निदान फारशी नाही. पण लाज वाटली, ती अजून वाटते.

दरम्यान एक उमेदवार उगवला. साहेबांचा भाचा. पोरगा वाईट नव्हता. गोरागोमटा, नम्र, शिकलेला आणि पाच वर्षं बेकार. अर्जात त्यानं लिहिलं होतं की पलीकडच्या भागात आठ दिवसांच्या शिबिराला गेलो असता भाषा आत्मसात केली. साहेबांना त्यात काही वावगं दिसलं नाही. एका दुपारी पोहणं शिकतात लोक, म्हणाले.

परीक्षा सभागृहात झाली. टेबलामागे साहेब, मेट्रनबाई आणि मधोमध परीक्षक मावशी, ठेवणीतली साडी नेसून. मी बाजूला इतिवृत्त लिहायला. भाचेबुवांनी सुरुवातीला एक ते वीस आकडे म्हटले. मावशींनी मान डोलावली.

"तेरा राहिला," त्या म्हणाल्या.

मग त्याला काय येतं ते बघावं म्हणून मावशींनी त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. भाचा हसून त्याच भाषेत "हो" म्हणाला. मावशींनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा "हो" म्हणाला, या वेळी जरा जोर देऊन.

"काय विचारलंत?" साहेबांनी खाकरून विचारलं.

"नाव काय तुझं, असं."

मेट्रनबाईंनी रुमाल तोंडाला लावला. साहेब म्हणाले, पोरगा घाबरलाय, उच्चार तर बघा किती स्वच्छ आहेत. मावशींनी बराच विचार केला आणि आकड्यांचे म्हणून दोन गुण दिले. शंभरपैकी. साहेबांनी भुवया वर केल्या, मग खाली केल्या, मग परत वर केल्या. मावशी तेवढा वेळ शांतपणे टेबलावरची धूळ पदरानं पुसत राहिल्या. दोनाचे काही तीन झाले नाहीत.

त्या रात्री नियमांची पुस्तिका मी घरी नेली आणि नवऱ्याची बोलणी खात शेवटपर्यंत वाचली. तर नियम क्रमांक नऊ. कुणी उत्तीर्ण न झाल्यास परीक्षा पुन्हा घ्यावी, मात्र वशिलेबाजी टाळण्यासाठी दुसऱ्या फेरीस नवा परीक्षक नेमावा. म्हणजे मावशी आपोआप मोकळ्या. अट एकच: नव्या परीक्षकाचा त्या भाषेशी संबंध असल्याचा लेखी पुरावा हवा.

सगळं रुग्णालय धुंडाळलं तरी असा पुरावा एकाच माणसाकडे होता. भाच्याकडे. त्याच्या गुणपत्रिकेवर लिहिलं होतं: पलीकडची भाषा, गुण दोन, खाली तीन सह्या आणि गोल शिक्का.

या वेळी नमुना भरताना माझा हात आपोआप कुठेही गेला नाही. जिथे न्यायचा तिथे मीच नेला. साहेबांना गठ्ठ्यात घालून फसवायलाही लागलं नाही. मी सरळ सांगितलं, दोन गुणांवर पद तर मिळत नाही, पण भाचेसाहेबांना परीक्षक नेमलं तर मातृभाषा दिनाला मंचावर बसतील, मानपत्र मिळेल, फोटो मुख्यालयात जाईल, पुढे कुठे अर्ज करताना 'भाषातज्ज्ञ' असं लिहिता येईल. साहेबांनी खिशातलं पेन काढलं तेव्हा माझं बोलणं संपलंही नव्हतं.

परिपत्रकात त्या दिवशी भाषेचं प्रात्यक्षिक करावं असंही होतं. दोन कार्यक्रम कशाला, म्हणून परीक्षाच मंचावर ठेवली.

आदल्या दिवशी दुपारी मी तिसऱ्या मजल्यावर गेले तर परीक्षक महाशय उमेदवाराच्या पालथ्या बादलीवर बसले होते.

"मावशी, मला एक प्रश्न शिकवा ना," तो अजिजीनं म्हणत होता. "उद्या तुम्हाला विचारायचाय."

"कोणता विचारतोस?"

"तुम्हीच सांगा. सोपा असू दे. मला म्हणता आला पाहिजे."

मावशींनी त्याला एक वाक्य शिकवलं. चार शब्दांचं. त्यानं ते वीसेक वेळा म्हटलं, तळहातावर लिहून घेतलं आणि त्यांच्या पाया पडून गेला. मी काही विचारलं नाही. परीक्षेचा प्रश्न मला आधी कळणं बरं दिसलं नसतं.

मातृभाषा दिन उजाडला. सभागृहात फलक, हार, ध्वनिक्षेपक. साहेबांनी मातृभाषेच्या महतीवर भाषण केलं. ते वाचून केलं आणि मध्ये एक पान उलटायचं राहिल्यानं एकच परिच्छेद दोनदा वाचला. टाळ्याही दोनदा पडल्या. मागच्या दारात वॉर्डातले रुग्ण गोळा झाले होते, त्यात एक पलीकडची म्हातारी होती, सलाईनची दांडी हातात धरून उभी.

मग भाचा उठला. तळहाताकडे पाहिलं. आणि ध्वनिक्षेपकातून, बऱ्यापैकी नीट, त्यानं ते चार शब्द म्हटले.

दारातली म्हातारी चटकन म्हणाली, "काय?" की तसंच काहीतरी. तिला वाटलं तिलाच विचारलं.

मावशी उठल्या आणि टेबलाची कड धरली. मला वाटलं घाबरल्या. मग त्या बोलू लागल्या. सुरुवातीला हळू. मग नीट. मग ध्वनिक्षेपक स्वतःकडे ओढून घेऊन. मी चौदा वर्षं त्यांना ती भाषा बोलताना ऐकलं होतं, पण ते नेहमी दोन-दोन वाक्यं, वाकून, कुणाच्या तरी खाटेपाशी. ही बाई सरळ उभी राहून बोलत होती. एकदा कंबरेवर हात ठेवला. एकदा दोन्ही तळवे उघडून दाखवले, पाण्यानं पांढरट झालेले. एकदा हसल्या. एकदा थांबल्या आणि पुन्हा बोलू लागल्या. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

दारातली म्हातारी मात्र प्रत्येक वाक्याला हुंकार देत होती. मध्येच तिनं दांडी सोडली आणि डोळ्यांना पदर लावला. तिच्या शेजारच्या परिचारिकेनं घाईघाईनं दांडी पकडली.

घड्याळात अकरा मिनिटं झाली तेव्हा मावशी खाली बसल्या.

"परीक्षक?" साहेब म्हणाले.

भाचा उभाच होता. "मला काही कळलं नाही," तो ध्वनिक्षेपकात म्हणाला. पुढे, "शंभर." त्याच्याविषयी माझ्या मनात होतं नव्हतं ते सगळं मी त्या क्षणी माफ केलं.

सह्या झाल्या, शिक्का बसला, पद भरलं. मी इतिवृत्त लिहायला घेतलं. त्यात प्रश्न काय आणि उत्तर काय, असे दोन रकाने असतात. साहेबांनाही राहवलं नाही. ते वाकून म्हणाले, "मावशी, प्रश्न काय होता हो?"

"कुठं दुखतंय, असा."

"आणि तुम्ही एवढं काय सांगितलंत?"

मावशींनी साडीची निरी सारखी केली. "साहेब, परीक्षा बोलायची होती," त्या म्हणाल्या. "भाषांतराचं काम उद्यापासून ना?"

साहेबांना हसावं की रागवावं कळेना. मी मान खाली घालून रकाना भरू लागले. या बाईकडून दुसऱ्यांचं दुखणं मी चौदा वर्षं ऐकत आले होते आणि तिचं आहे का, हे माझ्या कुठल्याच भाषेत मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. प्रश्नाच्या रकान्यात प्रश्न लिहिला. उत्तराच्या रकान्यात लिहिलं, 'उमेदवाराने सविस्तर उत्तर दिले. उपस्थितांपैकी एका रुग्णास ते समजले.'