दोघांनी उचलायचं शटर

मित्रांनो, मी एक जुनं शटर आहे. भंगार म्हणालात तरी हरकत नाही, पण आधी माप विचारा. वीस फूट रुंद. पनवेलच्या जुन्या पुणे रस्त्यावर माझ्या तोडीचं दुसरं नव्हतं. ही फुशारकी नव्हे. जे होतं ते सांगतो.

माझा जन्म अठ्ठ्याऐंशी साली तळोज्याला, कृष्णकांत मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पण जन्माआधीच माझ्यावरून वाद झाला होता. गोदू नावाची एक बाई दोन मुलांना घेऊन आली. तिचं मिठागर सरकारात गेलं होतं आणि त्या बदल्यात हाती आलेल्या पैशातून टेम्पो-ट्रक दुरुस्तीचं गॅरेज बांधून झालं होतं. फक्त दार राहिलं होतं.

"मावशी, नऊ-नऊ फुटी दोन घ्या," मिस्त्री म्हणाला. "मधे खांब. एका हातानं वर जातात."

"खांब नको."

"का हो?"

"आज खांब घातला का उद्या त्याच्या मागं भिंत येते. मी दोन पोरं वाढवली ती दोन दुकानं मांडायला नाय."

"मग वीस फुटी एकच घ्या, पण त्याला साखळी लावा. एकटा माणूस ओढून उघडेल."

"एकट्यानं उघडलं तं दुसरा कवा उठायचा?"

हे ऐकून धाकटा प्रणित हसला, कारण उशिरा उठणारा तोच होता. थोरला शिवा म्हणाला, "आये, मिस्त्री बरोबर बोलतो. साखळी नसली तं रोज दोन माणसं लागतील."

"तेच पायजे. दोघं दोन बाजूंनी उचला."

मिस्त्रीनं परत बजावलं, की एकट्यानं उचललं तर हे वाकडं जाईल आणि बाजूच्या खाचेत अडकून बसेल. गोदूनं पदर खोचला. "मिस्त्री, तुमी लोखंडाचं बगा. पोरांचं मी बगते."

असा मी निवडला गेलो. साखळी नाही, खांब नाही, खालच्या पट्टीला दोन टोकांना दोन मुठी.

सुरुवातीची वर्षं मी मानानं जगलो. सकाळी आठला डाव्या मुठीशी शिवा, उजव्या मुठीशी प्रणित. गोदू रस्त्यात उभी राहून म्हणायची, "हां, घ्या." मी गडगडत सरळ वर जायचो. माझा आवाज आला की समोरचा चहावाला दूध चढवायचा. दर शनिवारी दोघं मिळून माझ्या खाचांत ग्रीस भरायचे. दसऱ्याला शिवाची बायको रंभा हार करायला बसायची आणि कुरकुरायची, "सासूबाय, या दाराला हार करायचा तं अख्खा मळा लागतो."

"मग लहान दाराच्या घरात लगीन करायचं होतं," गोदू म्हणायची. रंभा हसायची, पण हार पुरा करायची.

चौऱ्याण्णव साली प्रणितनं गाड्या रंगवायचं काम सुरू केलं. हात चांगला होता त्याचा. पण एकाच छपराखाली ओला रंग आणि डिझेलचा धूर कसे नांदणार? एके दिवशी शिवानं ट्रकचं इंजिन तापवलं आणि शेजारच्या पांढऱ्या गाडीवर काजळी बसली.

"चार दिवसांचं काम गेलं माझं," प्रणित म्हणाला. "तुला हातभर अंतरावरचं दिसत नाय?"

"तुझ्या रंगाचा वास खाऊन मी रात्रंदिवस खोकतो, ते तुला दिसलं काय?"

त्या दिवसापासून बोलणं बंद. जमिनीवर पिवळी रेघ आली. तरी सकाळी दोघं यायचे, मुठी धरायचे, एकमेकांकडे न बघता मला उचलायचे. गोदू रंभाला म्हणायची, "बोलत नसतील. उचलतात ना?" मलाही वाटायचं, मी आहे तोवर हे घर मोडत नाही. लोखंडालाही गर्व होतो, मित्रांनो.

आता ग्रीस ज्याचं तो, आपापल्या खाचेत. मधल्या पट्ट्या कोणाच्याच नव्हत्या. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानं तिथूनच मला गंज धरला.

शहाण्णवच्या हिवाळ्यात गोदू काविळीनं अंथरुणाला खिळली. "घ्या" म्हणायला कोणी उरलं नाही. शिवा आठला आला, मुठीशी विडी ओढत उभा राहिला आणि निघून गेला. प्रणित नऊला आला. तोही उभा राहिला, तोही गेला. दोघांची घरं एकाच अंगणात. हाक मारायला दहा पावलं पुरे. कोणी मारली नाही. अकरा दिवस रोज हेच, आणि मी बंद. ट्रकवाले येत, हॉर्न देत, दुसरं गॅरेज शोधत.

बाराव्या दिवशी गोदू शाल गुंडाळून, भिंत धरत धरत आली. मागे शिवा.

"धर तुझी बाजू," ती म्हणाली.

"आये, तू घरी चल."

"धर म्हणते ना."

आणि उजवी मूठ तिनं स्वतः धरली. "हां, घ्या," तिनंच म्हटलं. मित्रांनो, मी फार प्रयत्न केला. पण डावी बाजू वर गेली, उजवी मागे राहिली. मधली गंजलेली पट्टी निसटली आणि गुडघाभर उंचीवर मी तिरका रुतलो. तिनं दोन्ही हातांनी आणखी एकदा जोर लावला आणि तिथेच खाली बसली. चहाच्या टपरीवरून प्रणित धावत आला. दोघांनी तिला रिक्षात घातलं, एकमेकांशी चकार शब्द न बोलता.

ती वाचली. उठायला लागल्यावर तिनंच मिस्त्रीला बोलावलं.

"मावशी, सरळ होईल हे," तो म्हणाला. "चार पट्ट्या बदलतो, साखळी लावतो."

"नको. काढा. मदी खांब घाला." तिनं माझ्या उजव्या मुठीवर हात ठेवला. "मना वाटलं, दार जड केलं का पोरं जवळ येतील. पोरांनी दारच उघडायचं सोडलं."

महिना झाला, मी गटाराच्या कडेला टेकून उभा आहे. समोर दोन नवी शटरं आहेत. एक आठला उघडतं, एक नऊला. गोदू मधल्या खांबाशी स्टूल टाकून बसते. दोन्हीकडून चहा येतो. एकीकडचा घेतला तर दुसऱ्याला दिसेल, म्हणून ती कुठल्याच कपाला हात लावत नाही. दोन्ही गार होतात.

मित्रांनो, शटरला ग्रीस लावत जा, आणि जो भाग कोणाचाच नाही तिथे आधी लावा. पण जे बोलून व्हायचं ते दारावर टाकू नका. अकरा दिवस ते दोघं माझ्यापुढे उभे राहून परत गेले. एकानं जरी दुसऱ्याला हाक मारली असती, तर मी गेलो असतो वर. गंजलेला, कुरकुरत, पण सरळ.