भिंगरीचं दुखणं

लांब्याच्या रानात मळणी ऐन भरात आली होती, आणि मशीनवाल्यानं इंजिन बंद केलं.

आवाज थांबला तशी रानातली माणसं जागच्या जागी थबकली. पेंढी टाकणाऱ्या बाईचा हात वरचा वरच राहिला. अर्धा गहू पोत्यांत गेला होता, अर्धा अजून पेंढ्यांत होता, आणि डोंगराकडून ढग असे काही चालून येत होते की जणू त्यांनाही कुणी आवतण दिलं होतं. अशा वेळी मशीन थांबवणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर पार टेकीला आलेला असतो.

"काय झालं रे? डिझेल संपलं का?" लांब्या पेंढ्यांच्या गंजीवरून ओरडला. उंचीमुळं गावानं त्याला लांब्या नाव ठेवलं होतं. तोंडावर मात्र सगळे तात्याच म्हणत.

"डिझेल भरपूर आहे, तात्या. आधी मागची बाकी द्या, मग पुढची पेंढी."

"कुठली बाकी?"

"मागच्या हंगामाची. त्याच्या मागच्याचीही."

लांब्या गंजीवरून खाली उतरला. त्याला उतरायला फारसं काही लागत नसे, पाय टेकलेलेच असत. "शुद्धीवर आहेस ना? आभाळ बघ जरा! माझं सोनं उघड्यावर पडलंय आणि तू मला बाकी विचारतोस?"

खरं तर मशीनवाल्याचा हा स्वभावच नव्हता. तोंड उघडून पैसे मागायचे म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. तिकडची रीत अशी होती की मळणी झाली की मजुरी लगेच मिळत नसे; शेतकरी गहू विकणार, मग देणार. तोवर मशीनवाला कुठल्या कुठे, एका रानातून उठून दुसऱ्या रानात गेलेला. म्हणून वसुलीचं काम त्यानं थोरल्या भावावर सोपवलं होतं. दादा सायकलवरून घरोघर फिरायचा, आणि संध्याकाळी हात झाडून सांगायचा, "लोकं बेरकी झालीत रे बाबा. पुढच्या आठवड्यात बघू म्हणतात." हा मान डोलवायचा आणि निमूट झोपायचा. पण काल पतपेढीचा माणूस रानात आला होता. मशीनभोवती एक फेरी मारून, टायरवर बूट आपटून तो सांगून गेला होता की हंगाम संपेपर्यंत थकलेले हप्ते भरले नाहीत तर मशीन ओढून नेणार. मशीन गेलं तर पोट गेलं. आणि पोट म्हणजे काही एकट्याचं नव्हतं.

"तात्या, मलाही पोर आहे," तो म्हणाला. "दादा-वहिनीला तिच्या सांभाळाचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात. माझे कष्टाचे पैसे तुम्ही अडकवून ठेवता, हे बरं नाही."

लांब्याचा चेहरा बदलला. राग होता तिथे काहीतरी दुसरंच आलं. त्यानं जवळ येऊन मशीनवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला, आवाज उतरवला.

"अरे, बाकी कसली? दोन्ही वर्षांची मजुरी तुझ्या दादाच्या हातात मोजून दिली. आणि पोरीचं कळलं तेव्हा वरून एक पोतंही दिलं. त्याचं मी बोलून दाखवत नाही हं. पण तू असं म्हणावंस?"

"पोरीचं काय कळलं?"

"तेच, काळजाचं. तिच्या आईचं जे होतं तेच." लांब्या आता अगदीच हळू बोलत होता. "दादा सांगत होता, रात्रीतून ओठ निळे पडतात म्हणून. गावात कुणी हात आखडता घेतला नाही, एवढं ध्यानात ठेव. दवाखाना चालू आहे ना तिचा?"

मशीनवाल्याची बायको काळजाच्या दुखण्यानं गेली होती, पोर रांगत होती तेव्हा. चालता चालता दम लागायचा, छातीवर हात धरून बसायची, आणि एक दिवस बसली ती उठली नाही. ते गावानं पाहिलं होतं. म्हणूनच गावानं विश्वास ठेवला होता.

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पोरीला काही झालेलं नाही, असं म्हटलं तर दादा चोर ठरत होता. आणि दादा चोर ठरला तर त्याच्याच जिवावर जगणारा हा कोण ठरत होता? त्यानं तोंड मिटलं. लांब्याला वाटलं, बापाचा गळा दाटून आला.

"चालू आहे," मशीनवाला म्हणाला, आणि इंजिनाला हँडल मारलं.

ढग वरून निघून गेले. गहू वाचला. लांब्यानं या वेळची मजुरी तिथेच हातावर ठेवली आणि वर पाठ थोपटली. ती थाप त्याला घरापर्यंत जाणवत राहिली.

दादाच्या घरावर नवे पत्रे बसले होते. हे पत्रे त्यानं रोज पाहिले होते, आणि पाहून त्याला आनंदच झाला होता. आज तो त्यांच्याखाली उभा राहिला. वहिनी चुलीपुढं होती. दादा सायकलची साखळी पुसत होता.

"दादा, भिंगरीला काय झालंय?"

"कुठं काय झालंय? मागं खेळतेय की."

"मग लांब्याला काय सांगितलंस?"

दादाचा फडका थांबला. त्यानं नाकारलं असतं तर बरं झालं असतं. निदान त्यावर भांडता आलं असतं. पण दादानं नुसता सुस्कारा सोडला, जणू फार दिवसांचं एक ओझं धाकट्यानं उगाच उचलून बघितलं होतं.

"हे बघ, लोकांच्या मनात तुझ्याविषयी माया होती. मी ती नुसती बाहेर काढली. नाहीतर कोण कुणाला देतं?"

"आणि माझी मजुरी? ती पण मायेचीच होती?"

"पत्रे गळत होते रे. त्या पत्र्याखाली झोपतं कोण? तुझीच पोर झोपते ना?"

"मी सांभाळाचे पैसे देत होतो. वेगळे!"

आता वहिनी उठली. "पैसे देत होतास म्हणे! आई मेलेलं पोर अंगाखांद्यावर वाढवलं, दुखलं-खुपलं बघितलं, केस विंचरले. त्याला पैसे पुरतात? बाहेर कुणाकडं ठेवली असतीस तर कळलं असतं भाव काय चाललाय तो. दूधच किती लागतं तिला!"

"दुधाचे तर तुम्ही मागच्या वर्षी वाढवून घेतलेत."

त्यावर वहिनी एकदम गप्प बसली आणि चुलीतलं लाकूड मागं ओढायला लागली. ती का गप्प बसली ते त्याला तेव्हा कळलं नाही.

दादा उठून जवळ आला. धाकट्याच्या पाठीवर त्यानं लहानपणी ठेवायचा तसा हात ठेवला. "आता झालं ते झालं. गावात बोलून काय मिळणार तुला? लोकं माझ्या दारात येतील तशी तुझ्याही येतील. उद्या हंगामाला बाहेर पडशील तेव्हा पोर कुणाच्या पदरात टाकणार आहेस? विचार कर जरा."

त्यानं विचार केला. दादा बरोबर बोलत होता, आणि हेच त्याला सोसेना. परक्यानं गळा कापला असता तर त्याचा हात तरी धरता आला असता. इथं मान ज्याच्या मांडीवर ठेवून तो निर्धास्त झोपत आला होता त्यानंच सुरी चालवली होती, आणि वर म्हणत होता, हलू नकोस, मान अवघडेल.

त्यानं मागच्या दारातून भिंगरीला उचललं, दोरीवरचे तिचे दोन फ्रॉक ओढले आणि बाहेर पडला. भिंगरी पाच वर्षांची होती आणि सदा गरगरत असे, म्हणून तिला ते नाव पडलं होतं. बापाच्या खांद्यावरून तिनं काकाला हात हलवला. तिला वाटलं, जत्रेला चाललोय.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्या मावशीचं रान होतं. ही मावशी तशी कुणाचीच मावशी नव्हती. एक म्हैस, ओढ्याकाठी रानाची एक चिंधी, आणि नवरा गेल्यापासून मागं पुढं कुणी नाही. तिच्या रानात मळणी ती किती! पण मशीनवाल्याला त्या दिवशी जिवाचं रान करावं लागलं, कारण एक डोळा पेंढ्यांवर आणि एक डोळा भिंगरीवर. इंजिनाचा पट्टा फिरत असताना पोर जवळ आली तर संपलंच. भुसा उडाला की तिच्या डोळ्यांत जायचा. त्यानं तिला आंब्याखाली पोत्यावर बसवलं, ती उठली. परत बसवलं, परत उठली. शेवटी त्यानं तिला भुशाच्या ढिगाच्या पलीकडे सोडलं आणि सांगितलं, "या ढिगावरून घसरायचं. इकडं यायचं नाही. आलीस तर मशीन चावतं." मग ती दिवसभर घसरत राहिली. दर दोन पेंढ्यांना हा इंजिनाच्या आवाजावरून मोठ्यानं हाक मारायचा आणि ढिगामागून 'ओ' आली की पुढची पेंढी टाकायचा. असं किती दिवस चालणार, हे त्यानं स्वतःला विचारलंच नाही.

ऊन कलताना मळणी संपली. मावशी घराकडून शेजाऱ्याची बैलगाडी घेऊन आली तेव्हा तो पट्टा उतरवत होता. तिनं मजुरीचा गहू मापून दिला. मग गाडीत चढवलेल्या पोत्यांपैकी एक तिनं स्वतःच ओढून खाली घेतलं.

"हे कशाचं, मावशी?"

"भिंगरीच्या दवाखान्याचं. नाही म्हणू नकोस. दुसरं काय देणार मी? दूध तर रोज तुझ्या वहिनीकडं घालतेच. आजारी पोराच्या दुधाचे पैसे कोण घेतं!"

तेव्हा त्याला कळलं, वहिनी चुलीपुढं गप्प का बसली होती. त्यानं त्या दुधाचे पैसे महिन्याच्या महिन्याला मोजले होते, इंजिनाला तेल कमी घालून मोजले होते.

सांगायला हवं होतं. सांगण्याची हीच वेळ होती. पण समोर पोतं होतं, आणि त्या पोत्याआड पतपेढीचा माणूस टायरवर बूट आपटत उभा होता. मजुरी खाल्ली दादानं. मग दादाच्या खोट्यानं एखादा हप्ता फिटला तर काय बिघडलं? एकदाच. हंगाम निघेपर्यंत. त्यानं पोत्याला हात लावला.

तेवढ्यात मावशी म्हणाली, "अगं बाई, बघ, बघ तिच्याकडं!"

भिंगरी भुशाच्या ढिगाला टेकून बसली होती. मान एका बाजूला पडलेली, डोळे अर्धे मिटलेले, हात छातीवर, तोंड उघडं. धाप लागल्यासारखी ती तोंडानं श्वास घेत होती. अगदी तिच्या आईसारखी.

खोटं बोललं की खरं होतं म्हणतात ते हेच का, असं मशीनवाल्याच्या मनात आलं, आणि धावत जाऊन त्यानं तिला उचलून उराशी धरलं. मावशीनं पदर डोळ्यांना लावला. "मी थांबून तिला अजून दमवत नाही. उद्या येऊन बघून जाईन," असं पुटपुटत तिनं गाडी हाकली.

गाडी ओढ्याच्या वळणाआड गेली. उराशी धरलेल्या भिंगरीनं एक डोळा उघडला.

"गेली?"

"कोण?"

"मावशी." तिनं दुसरा डोळा उघडला आणि टुणकन उडी मारून खाली उतरली. "गोळी दे."

"कसली गोळी?"

"काका देतो ती. कुणी पोतं घेऊन आलं की असं बसायचं, आणि गेलं की गोळी मिळते. गुलाबी." ती जरा घुटमळली. "आज चांगलं नाही झालं का? मी खोकले नाही. काका म्हणतो, खोकायचंही."

तो तिच्याकडे बघत बसला. दादानं पैसे खाल्ले, दूध खाल्लं, त्याचं काही वाटेनासं झालं. पण त्यानं मेलेल्या बाईची धाप या पोरीला शिकवली होती. घरातल्याच बाईचं दुखणं आठवून, पोरीला बसवून, दाखवून शिकवली होती. आणि आत्ता, थोड्या वेळापूर्वी, बापानं पोत्याला हात लावून त्याला होकार दिला होता. त्याला रडू आलं आणि त्यानं ते येऊ दिलं. भिंगरीला वाटलं, गोळी नाही म्हणून बाबा रडतो.

मग त्यानं तोंड पुसलं आणि मावशीचं पोतं पाठीवर घेतलं.

"चल. आणि ऐक, गावात शिरलो की तू पळायचं. माझ्यापुढं. जोरात."

"लोकं बघतील!"

"बघू दे."

"काका रागावेल."

"रागवू दे. पळ तू."

पहिल्यांदा ती दबकत पळाली, मागं वळून बघत. बाबा खरंच काही म्हणत नाही असं दिसल्यावर ती सुटली. गल्लीच्या तोंडाला लांब्या चावडीवर बसला होता, त्याची तंबाखू हातातच राहिली. पाण्याचे हंडे घेऊन चाललेल्या बायका बाजूला सरल्या. कुणी म्हणालं, "अगं हळू, तुझं काळीज!" आणि भिंगरी खिदळत पुढं गेली. दादाच्या दारावरून ती गेली तेव्हा वहिनी उंबऱ्यात आली आणि लगेच आत वळली. मागून मशीनवाला चालला होता, पोत्याखाली वाकून, कुणाच्याच नजरेला नजर न देता. त्याला मागं कुजबुज ऐकू येत होती, आणि त्या कुजबुजीत दादाचं नाव कमी आणि त्याचंच जास्त होतं.

दूधवाली मावशी म्हशीला चारा टाकत होती. दारातून भिंगरी धावत आत आली, म्हशीभोवती एक फेरी मारून परत बाहेर गेली. मावशी बघत राहिली. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

त्यानं पोतं तिच्या उंबऱ्याशी उतरवलं.

"पोर बरी आहे, मावशी," तो म्हणाला. "पहिल्यापासूनच बरी होती."

मावशीनं पोतं आत ओढून घेतलं आणि दार लावून घेतलं.