उघडं दार

"सर, बाईले बाहेर पाठवा ना," रविता म्हणाली.

"नाही. बाई बसेल आणि दारही उघडं राहील. बोल."

आमच्या शाळेची खिचडी शिजवणारी शामकलाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. दहावीतली रविता तिच्याकडे बघून गप्पच झाली. शेवटी म्हणाली, "काही नाही सर, गणित समजून नाही राहिलं." पंधरा दिवसांत ही तिसरी खेप. मागच्या खेपेला तिनं विचारलं होतं, "दुसरं कोनी नाही का बसाले?" मी म्हणालो होतो, "काऊन? शामकलाबाई काय वाघ आहे?" बाई खो खो हसली होती. ते हसणं आठवलं की आता स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नियम माझाच. दहा वर्षांपूर्वी, आधीच्या शाळेत एका मास्तरानं बंद खोलीत एका पोरीचं वाटोळं केलं होतं. तिच्या आईचं रडणं मी ऐकलंय. तेव्हापासून विद्यार्थिनीशी एकट्यानं बोलायचं नाही, तिला गाडीवर बसवायचं नाही. तालुक्याच्या गावी, गोरेगावच्या बाजारात लोक म्हणत, खुमेंद्र सर म्हणजे सोनं माणूस. मलाही ते ऐकायला फार आवडायचं.

शनिवारी शामकलाबाईनं दोन दिवसांची सुट्टी मागितली. भाच्याचं लग्न. "पत्रिका नाही छापली सर, घरच्या घरीच हाये." मी तिला शुभेच्छासुद्धा दिल्या!

मंगळवारी हजेरी घेताना रविता नव्हती. तिच्या बाकावरची भूमेश्वरी उभी राहिली आणि रडायलाच लागली.

"सर, काल तिचं लगन लावून टाकलं. शामकलाबाईच्या भाच्यासंगं. ती तुमालेच सांगाले येत होती ना!"

अरे देवा, जिच्यापासून पोर पळत होती, तिलाच मी तिन्ही वेळा समोर बसवलं! चाइल्ड हेल्पलाइनला फोन केला, पोलीस पाठवतो म्हणाले, आणि मी गाडी काढली.

रविताच्या घरी पाठवणीची घाई होती. मांडवात वडील, जीवनलाल, आडवे आले. "सर, आता काऊन आले? झालं ना सगळं."

"ती पंधरा वर्षांची आहे, जीवनलालभाऊ. पोलीस येऊन राहिले."

आतल्या खोलीत रविता हळदीच्या अंगानं बसली होती, भोवती दहाबारा बाया. तेवढ्यात हेल्पलाइनचा फोन आला. मुलीशीच बोलायचंय म्हणाले. मी फोन पुढे केला. तिनं तो घेतला, बायांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पुन्हा तेच. नेमकं तेच!

"सगळ्या बाहेर निघा," मी ओरडलो. आयुष्यात असा ओरडलो नव्हतो.

बाया पोलिसांच्या भीतीनं निघाल्या. शामकलाबाई हलेना. "सर, तुमीच तं म्हनत होते, पोरीले एकटं नाही बोलू द्याचं."

"मी चुकलो, बाई. एकट्यानं बोलायचं नाही, हे माझ्यासाठी होतं. तिला बोलू द्यायचं होतं."

बाई उठली. तिच्यामागोमाग मी उंबऱ्याबाहेर पडत होतो, तेव्हा मागून रविताचा आवाज आला, "सर, आता सांगून काय होते?"

दहा वर्षांत पहिल्यांदा मी दार ओढून घेतलं आणि बाहेर दाराला पाठ लावून उभा राहिलो. समोर जीवनलाल, शामकलाबाई, सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघत होतं. आत ती फोनवर बोलत होती की नाही, मला ऐकू येत नव्हतं.